नोकरी ठरेपर्यंत नागपुरात घर किरायाने घेऊ नका

हातात नोकरी नाही, राहायला जागा नाही, आणि तरी नागपूरला यायचं ठरलंय. अशा वेळी बहुतेक जण आधी खोली शोधायला लागतात. डोक्यावर छप्पर आलं की मग निवांत काम बघू, असा त्यामागचा विचार. इथे तो महागात पडतो, कारण नागपूरचं काम एका बाजूला नाही. बुटीबोरीची एमआयडीसी दक्षिणेला, वर्धा रोडवर तीसेक किलोमीटरवर. हिंगण्याची एमआयडीसी पश्चिमेला. मिहान हा कंपन्यांचा इलाखा विमानतळाच्या पलीकडे, खापरीच्या अंगाला. कळमन्याची बाजार समिती आणि इतवारी-गांधीबागचा घाऊक बाजार पूर्वेकडे. गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाले अमरावती रोडवर वाडीला. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं उत्तरेला. पूर्वेकडच्या नंदनवनला खोली घेतली आणि काम हिंगण्याला लागलं, की रोज अख्खं शहर आरपार ओलांडायचं. दोन-तीन महिन्यांत माणूस कंटाळून एकतर खोली सोडतो नाहीतर नोकरी. खोली सोडली तर डिपॉझिट अडकतं, नोकरी सोडली तर सगळंच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आठ-दहा दिवसांची तात्पुरती सोय, मग महिन्याच्या बोलीवर एक कॉट (होस्टेलात किंवा सामायिक खोलीत फक्त एका खाटेची जागा), मग काम. कामाचा पत्ता पक्का झाला की खोली.

त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. लगेच राहायलाच यायला हवं का? वर्धा, भंडारा, काटोल, नरखेड, तुमसर, गोंदिया या पट्ट्यातल्या माणसाला रेल्वेचा मासिक पास काढून अप-डाऊन करता येतं. पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, आणि वर्ध्याहून नागपूर ऐंशीच्या आतच आहे. मुलाखती देण्यापुरता पहिला महिना असा काढला तर राहण्याचा पूर्ण खर्च वाचतो. पास घेताना तो कोणत्या गाड्यांत चालतो ते खिडकीवर विचारून घ्या. सुपरफास्टसाठी वेगळे पैसे लागतात आणि आरक्षित डब्यात बसता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावतीवाल्यांना हा मार्ग नाही. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

कधी यावं

जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश असतात. धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर, रामनगर, नंदनवन या भागातल्या होस्टेलांत तेव्हा जागा मिळत नाही, मिळाली तर मागेल त्या भावाने. परीक्षा संपून पोरं गावी गेली की एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात, मालकही ऐकून घेतो. पण त्या उन्हात पायी फिरून काम शोधणं सोपं नाही. तरी खाजगी शाळांत शिकवायचं असेल तर मे-जूनच बरा, शाळांच्या जाहिराती तेव्हाच येतात. दुकानात, शोरूममध्ये काम हवं असेल तर दसऱ्याच्या महिनाभर आधी या. दिवाळीसाठी माणसं तेव्हाच घेतात.

दोन काळ टाळा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. त्या चार दिवसांत स्टेशनपासून बर्डीपर्यंत (म्हणजे सीताबर्डी) एकही लॉज मोकळा नसतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हाही तेच. मला विचाराल तर जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला. हवा फिरण्याजोगी असते, आणि कंपन्याही नव्या आर्थिक वर्षासाठी माणसं बघत असतात.

पैसा किती

एकट्या माणसाचा एका महिन्याचा हिशोब मांडू. कॉट बेसिसचे ४,००० धरा, दोन वेळच्या मेसचे ३,०००, नाश्ता-चहाचे १,२००, प्रवासाचे १,२००, मोबाइलचे ३५०, साबण-कपडे-औषधाचे ८००, झेरॉक्स-फोटो-फॉर्मचे ४५०. झाले ११,०००. धरमपेठेत कॉट महाग पडेल, मानेवाड्याला स्वस्त, पण मधला आकडा हाच धरून चला. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्या चार जेवणांचे पैसे वेगळे लागतात.

तीन महिन्यांचे ३३,०००. नंतर खोली घ्यायची तर ५,००० किराया धरून दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिला किराया मिळून १५,०००. गादी, बादली, शेगडी, चार भांडी यांचे ५,०००. एकूण ५३,०००. दलालामार्फत खोली घेतली तर आणखी एका महिन्याचा किराया.

तीन महिने का, तर पहिला पगार लोकांना वाटतो तितक्या लवकर हातात येत नाही. काम लागायला महिना गेला आणि तुम्ही २२ तारखेला रुजू झालात असं समजा. पुष्कळ ठिकाणी वीस तारखेनंतर आलेल्याचा हिशोब पुढच्या महिन्यात धरतात, आणि त्या महिन्याचा पगार त्याच्या पुढच्या सात ते दहा तारखेदरम्यान होतो. म्हणजे रुजू झाल्यापासून पहिला रुपया दिसेपर्यंत पंचेचाळीस दिवस. नोकरी लागली म्हणून घरच्यांनी पैसे पाठवणं थांबवलं, आणि खरी ओढाताण तिथेच सुरू होते. रुजू होतानाच विचारून घ्या: पगाराची कट-ऑफ तारीख कोणती, आणि पगार कोणत्या बँकेच्या खात्यात? नवीन खातं उघडायचं असेल तर त्यातही आठवडा जातो.

हातात वीसच हजार असतील तर येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण मग आल्या आठवड्यात काहीतरी कमाई सुरू व्हायलाच हवी, मनासारखी नोकरी नंतर. गाडी आणि लायसन्स असेल तर डिलिव्हरीचं काम सगळ्यात लवकर मिळतं. आरसी, विमा, पीयूसी तिन्ही चालू असल्याशिवाय नोंदणी होत नाही, तेव्हा विम्याची तारीख गावाहून निघतानाच तपासा. एमएच २७ किंवा एमएच ३४ ची गाडी इथे बिनधास्त चालते. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशची असेल आणि ती बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवणार असाल तर महाराष्ट्राची नोंदणी करावी लागते.

कागद गावाहूनच घेऊन निघा

जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर हे सगळं मूळ तालुक्यातून निघतं. इथे आल्यावर एका दाखल्यासाठी परत जायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवस. गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये ठेवा, मूळ प्रती एका फाइलमध्ये. आणि ती फाइल कुणालाही ठेवायला देऊ नका. ‘ओरिजिनल जमा करा, जॉइनिंगनंतर परत देऊ’ असं म्हणणाऱ्या ठिकाणाहून तिथल्या तिथे उठा. एकदा मार्कशीट त्यांच्या कपाटात गेली की पगार कमी दिला तरी तुम्ही बोलू शकत नाही. दाखवायला मूळ, द्यायला झेरॉक्स.

बँकेत, सिक्युरिटीत किंवा मोठ्या कंपनीत प्रयत्न करणार असाल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. त्याचा अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, पण पडताळणीला वेळ लागतो. गावच्या पत्त्यावर होणारी पडताळणी गावात असतानाच उरकलेली बरी.

पहिले दिवस

लॉज स्टेशनच्या आसपास, सेंट्रल अव्हेन्यूवर, गणेशपेठेच्या एसटी स्टँडजवळ आणि बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळतात. दोन-तीन रात्रींपुरताच तिथे मुक्काम करा, कारण रोजच्या भावाने राहिलं की पैसे कसे संपले ते कळत नाही. ओळखीचं कुणी असेल तर त्याच्याकडे राहताना किती दिवस ते आधीच सांगा. ‘बघू’ म्हणून गेलेला पाहुणा यजमानाला जड होतो. अगदीच अडचण आली तर महापालिकेची बेघरांसाठीची निवारा केंद्रं आहेत. तिथे एक-दोन रात्री काढण्यात कमीपणा काहीच नाही, स्टेशनच्या बाकड्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित.

कॉट शोधताना मेट्रोचा नकाशा समोर ठेवा. एक मार्ग खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, दुसरा लोकमान्य नगरहून प्रजापती नगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. खापरी म्हणजे मिहानची दिशा, लोकमान्य नगर म्हणजे हिंगण्याची, प्रजापती नगर म्हणजे कळमना-पारडीची. काम कुठे लागेल हे माहीत नसताना काँग्रेसनगर, धंतोली, झाशी राणी चौक, शंकरनगर या पट्ट्यातली कॉट शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडली तरी परवडते, कारण तिथून चारही दिशांना मुलाखतीला जाता येतं. मेट्रोत सायकलही नेता येते, आणि नव्या माणसाला जुनी सायकल फार उपयोगी पडते.

पैसे एकाच महिन्याचे द्या. ‘तीन महिन्यांचे एकदम भरा, पाचशे कमी करतो’ या बोलीला भुलू नका. पुढच्याच आठवड्यात बुटीबोरीला काम लागलं तर ते पैसे परत मिळत नाहीत. पावती घ्या, निदान यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. मुलींनी होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते आधी विचारावं. दुसऱ्या पाळीची नोकरी आणि रात्री नऊचं गेट जमत नाही, आणि हे बहुतेक वेळा नोकरी लागल्यावरच लक्षात येतं.

दिवसा कॉटवर पडून राहू नका. जवळची अभ्यासिका महिन्याच्या फीवर लावा. तिथे वाय-फाय असतं, उन्हाळ्यात गारवा असतो, आणि कुठे काय भरती निघाली ते शेजारच्या खुर्चीवरच्याला आधी माहीत असतं.

काम शोधताना

सॉफ्टवेअर, बीपीओवाल्यांनी मिहान आणि परसोडीचं आयटी पार्क ही दोन ठिकाणं धरावीत. अर्ज ऑनलाइनच जातो, पण आत काम करणाऱ्या ओळखीच्याच्या शिफारशीने तो लवकर उघडला जातो. आपल्या कॉलेजचं कोण तिथे आहे ते आधी शोधा.

कारखान्यांत थेट भरती कमी, ठेकेदारामार्फत जास्त. आयटीआय झालेल्यांनी आधी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी. ठेकेदाराकडे गेलात तर रोज किती मिळणार एवढंच विचारून थांबू नका. पीएफ कापणार का, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कार्ड कधी मिळणार, ओव्हरटाइम कसा मोजणार, हे तिन्ही विचारा. पीएफला मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे जातात आणि तेवढीच भर मालकाची. ईएसआयसीला पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के कापतात. कापलेले पैसे खरंच भरले का ते दोन महिन्यांनी पीएफच्या पासबुकात बघा. काही ठेकेदार पगारातून कापतात पण भरत नाहीत, आणि नोकरी सोडल्यावर ते काढणं फार जिकिरीचं. ईएसआयसी कार्ड मिळालं की सोमवारीपेठेचं कामगार विमा रुग्णालय तुमच्यासाठी उघडं झालं. तोवर आजारपणात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं.

बुटीबोरीच्या पुष्कळ कारखान्यांच्या बसेस वर्धा रोडवरच्या चौकांतून माणसं उचलतात. मुलाखतीत बसचे थांबे विचारा आणि पुढे खोली त्या थांब्यापासून पायी अंतरावर बघा. तीन पाळ्यांच्या कामाला मेट्रोचा भरवसा धरू नका. दुसरी पाळी सुटते तेव्हा शेवटची गाडी निघून गेलेली असते.

इतवारी, गांधीबागेत काम जाहिरातीने मिळत नाही, कुणीतरी सांगितल्याने मिळतं. टॅली आणि जीएसटीचं रिटर्न येत असेल तर मात्र सरळ दुकानात जाऊन विचारा. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या नाही आणि संध्याकाळच्या गर्दीतही नाही, दुपारी तीनच्या सुमारास. शेठ तेव्हा बोलायला मोकळा असतो. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने आणि हॉस्पिटलं दाटीने आहेत. रिसेप्शन, बिलिंग, औषधांचं दुकान, वॉर्ड या कामांसाठी तिथे सतत माणसं लागतात. नागपुरात गिऱ्हाईकाशी अर्धं बोलणं हिंदीतून होतं, त्याची तयारी ठेवा. रोजंदारीच्या कामाला सकाळी मजुरांच्या ठिय्यावर जावं लागतं. तिथे दर आणि जेवणाची सुट्टी टेम्पोत बसायच्या आधीच बोलून घ्यावी.

नोकरीसाठी पैसे कुणालाही देऊ नका. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्म डिपॉझिट, लॅपटॉपची सुरक्षा रक्कम, नाव काहीही असो. बर्डी-धरमपेठेतल्या एखाद्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मुलाखत घेऊन ‘तुमची निवड झाली, १,५०० भरा’ सांगणारे दर हंगामात नव्या पाटीने उभे राहतात, आणि गावाहून नुकतंच आलेलं पोरच त्यांना सापडतं. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते.

आता खोली

कामाचा पत्ता हातात आला की खरी शोधाशोध सुरू. आधी गल्ल्यांतून संध्याकाळी पायी फिरा. ‘किरायाने देणे आहे’ च्या पाट्या अजूनही फाटकांवर लागतात. इस्त्रीवाला, किराणावाला आणि मेसवाल्या काकूंना विचारा, त्यांना रिकामी खोली पाटी लागण्याआधी कळते. दलाल शेवटी. ऑनलाइन जाहिरातीत मालक बदलीवर असलेला फौजी अधिकारी असेल, किराया चक्रावून टाकेल इतका कमी असेल आणि खोली दाखवायच्या आधी टोकन मागत असेल, तर ती फसवणूक आहे. पैसे यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

आडनाव विचारतील. मग ‘नॉनव्हेज खाता का’, मग ‘बॅचलर आहात का’. शिकल्यासवरल्या वस्तीतही हा प्रश्न येतो आणि आतून जाळतो. नाव बदलून किंवा खाण्याबद्दल खोटं सांगून खोली घेऊ नका. रोज लपवत जगणं वाईट, आणि कळल्यावर आठ दिवसांत सामान बाहेर. तो मालक सोडा, पुढचं फाटक वाजवा. मालक त्याच घरात राहत नसेल किंवा आधीचे किरायेदारही नोकरीवाली मुलं असतील, तिथे ही चौकशी बरीच कमी होते.

खोली दुपारी तीन-चारला बघा. सकाळी दहाला सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ वर जाणं नवलाचं नाही, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवा. शक्य असेल तर रात्री नऊला पुन्हा जाऊन तीच भिंत बघा. तेव्हाही गरम लागली तर त्या खोलीत मे महिन्यात झोप येणार नाही. वर आणखी एक मजला असलेली आणि पूर्वेला किंवा उत्तरेला खिडकी असलेली खोली दोनशे-पाचशे जास्त देऊनही घ्यावी.

मग कूलरची जागा बघा. नव्या माणसाला हे सुचत नाही, आणि नागपुरात खोलीची किंमत त्यावरच ठरते. कूलर खिडकीच्या बाहेर बसायला हवा, कारण तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. खोलीत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. समोरच्या बाजूला हवा निघून जायला दार किंवा झरोका हवा, नाहीतर बाहेरचा कूलरही काम करत नाही. म्हणून पाहा: खिडकी बाहेर उघडते की बोळात? ग्रिलला कूलरएवढी चौकट आहे का? वरच्या मजल्यावर असाल तर लोखंडी स्टँड लागतं, ते मालक लावून देणार की तुम्ही? पाणी नळीने भरता येईल की बादल्या चढवायच्या? कडक उन्हात मोठ्या कूलरची टाकी दिवसातून एकदा तरी रिकामी होतेच.

कूलर पहिल्या वर्षी किरायाने घेतला तरी चालतो. जुना विकत घेताना टाकीचा तळ बघा. पत्र्याला आतून डांबराचा लेप असतो, तो सुटून गंज दिसत असेल तर महिन्यात गळेल. मोटर चालवून कान द्या, घरघर आली तर बेअरिंग गेलंय. पंप आणि ताट्या स्वस्तात बदलता येतात, त्यावरून सौदा मोडू नका. एक गोष्ट जिवाची आहे. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पंपाची वायर पाण्यात कुठेतरी उघडी पडते, अर्थिंग नसतं, आणि कुणीतरी ओल्या पायाने पाणी भरायला जातं. खोली घेताना तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनला टेस्ट लॅम्पने बघायला सांगा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण) असेल तर उत्तम. पाणी भरताना फक्त बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून ठेवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

विजेचा प्रश्न इथेच विचारायचा. महावितरणचे दर टप्प्यांत वाढतात, पहिल्या १०० युनिटला कमी, पुढे जास्त. खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर एकटा माणूस कूलर लावूनही बहुतेक खालच्या टप्प्यांत राहतो. मालकाच्या एकाच मीटरवर तीन खोल्या असतील तर सगळ्यांची बेरीज होऊन वरचा टप्पा लागतो, आणि सबमीटरवरून तुमच्याकडून तोच चढा दर घेतला जातो. किराया तीनशेने कमी आणि वीज महिन्याला पाचशेने जास्त, असं होतं. युनिटचा भाव कागदावर लिहून घ्या आणि राहायला आल्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवा.

पाण्याचं मालकाला विचारू नका, शेजारच्या किरायेदाराला विचारा, आणि तेही मे महिन्याबद्दल. नळ किती वाजता येतो, किती वेळ, टाकी मोटरने भरते का, मोटर कुणाच्या ताब्यात. बेसा, बेलतरोडीसारख्या महापालिकेच्या हद्दीबाहेर वाढलेल्या वस्त्यांत खोली नवी आणि स्वस्त मिळते, पण बऱ्याच इमारती बोअरवर चालतात आणि उन्हाळ्यात टँकर येतो. त्याचे पैसे कोण देणार ते ठरवा. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमलेला दिसला तर पाणी जड आहे, पिण्याच्या कॅनचा खर्च धरा.

तळमजला घेत असाल तर पावसाचं बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या चांगल्या वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरलं. मोरभवनच्या बसस्थानकातही. नाल्यालगतच्या खोलीत भिंतीचा खालचा गुडघाभर भागच तेवढा नव्याने रंगवलेला दिसला, तर का ते शेजारी विचारा.

करारनामा

‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळेल. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (घर ठराविक मुदतीसाठी किरायाने वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चही फार नाही. किराया ६,००० आणि डिपॉझिट १२,००० धरा. अकरा महिन्यांचा किराया ६६,०००, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांचं मानीव (फक्त हिशोबापुरतं धरलेलं) व्याज ११०० मिळवा, ६७,१०० वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आत-बाहेर. शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे आधारवरून ठसे घेतात. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याची फी वेगळी. अर्धा खर्च मी देतो म्हणा, मालक सहसा तयार होतो. हा करार हातात असला की आधारचा पत्ता, बँक, कंपनीचं एचआर, सगळीकडे तोच चालतो. करारात तीन गोष्टी ठळक लिहून घ्या: नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि रंगाचे पैसे कापणार की नाही. भांडणं याच तिन्हींवरून होतात.

किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देणंही मालकाचंच काम, पण तो विसरतो. फोटो आणि आधारची प्रत घेऊन तुम्हीच त्याच्या मागे लागा.

गॅससाठी कनेक्शनची वाट बघत बसू नका. एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडेनच्या अशा सिलिंडरला ‘छोटू’ म्हणतात. गल्लीत मोठ्यातून छोट्यात भरून देणाऱ्याकडे जाऊ नका, त्यात स्फोट होतात. गावाकडे रेशन कार्ड असेल आणि त्यात तुमचं नाव आधारशी जोडलेलं असेल, तर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या रेशन दुकानातूनही उचलता येतं. कार्ड बदलायची गरज नाही, अंगठा लागतो. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर ‘एक देश एक रेशन कार्ड’ चं नाव घ्या आणि मशीनवर नंबर टाकायला लावा. घरच्यांनी तिकडे त्या महिन्याचं पूर्ण धान्य आधीच उचललेलं नसावं एवढं त्यांना फोन करून सांगून ठेवा.